खांबावरचा कागद

मंजुषाला बोलायची रीत नाही, हे उमाबाई काही आजच म्हणत नव्हत्या. लग्नाच्या मांडवात, अक्षता पडून तास झाला नव्हता, तेव्हाच म्हणाल्या होत्या. पण आज हद्द झाली. श्रावणातला सोमवार. बैठकीत पाटाभोवती रांगोळी, पंचाक्षरी स्वामी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून उमरग्याहून साडेसातलाच आलेले. त्यांच्यापुढं पितळी ताटात विभूती, बेलाची पानं, पांढरा शिवदोरा आणि कालच आणलेलं नवं इष्टलिंग. भावकीतली पंधरा-वीस माणसं नुसत्या चहावर ताटकळलेली, कारण नातीच्या गळ्यात लिंग बांधल्याशिवाय या लिंगायत घरात आज पंगत बसायची नव्हती. सून आणि नात सुट्टीला इथं आलेल्या, मुलगा राजशेखर तिकडं इंग्लंडात. फोनवर "अव्वा, तुम्ही दोघी ठरवा" म्हणून मोकळा झालेला, अगदी बापासारखा. आणि स्वामींनी "आणा बाळाला" म्हणताच सून उठून उभी राहते आणि म्हणते, "नको." नको हा काय शब्द झाला? पंगतीत भात वाढताना म्हणायचा शब्द तो. वर म्हणते, "श्रिया सहाची आहे. मोठी होऊ दे, तिला वाटलं तर ती स्वतः घेईल. आत्ता तिच्या गळ्यात आपण काही बांधायचं नाही." स्वामींच्या बोटांतली विभूतीची चिमूट बोटांतच राहिली.

"तुला इचारलं कुणी?" उमाबाई म्हणाल्या. "स्वामींनी पोर मागितली, तुझं मत न्हाय मागितलं."

"अत्या, पोर माझी आहे."

"आन् घर माझं हाय."

इथवर ठीक होतं. असलं उमाबाईंना झेपायचं, किंबहुना असल्यावरच त्यांचं रक्त खेळतं राहायचं. पण धाकट्या जावेनं, महानंदानं, मधे तोंड घातलं. "अगं, जरा सासूकडं बघ तुझ्या. सहा महिने लंडनात काढले अक्कांनी, थंडीनं बोटं वाकडी झाली, पण लिंगपूजा केल्याबिगर पाण्याचा थेंब घेतला न्हाय. सगळ्या मुरूम गावाला म्हाईत हाय. आन् तू तिच्याच उंबऱ्यात—" तेव्हा मंजुषानं उमाबाईंकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, दोन-तीन श्वासांइतकं, जसं औषधाची बाटली उजेडात धरून किती राहिलंय ते बघतात तसं. मग मान खाली घातली. तिला पुढचं बोलता आलं असतं, आणि ती बोलली नाही. "हुग्गी खाली लागंल," असं म्हणून उमाबाई उठल्या आणि आत स्वयंपाकघरात आल्या. हुग्गी केव्हाच उतरवलेली होती. गहू शिजून फुटले होते, गूळ मुरला होता, तरी त्या पळी घेऊन ढवळत उभ्या राहिल्या.

लंडन न्हाय, लेस्टर. हे त्यांनी मुरूमच्या निम्म्या बायकांना शंभरदा सांगितलं असेल. लंडनला फक्त विमान उतरतं. पुढं दोन-अडीच तास मोटार चालली की लेस्टर, तिथं राजशेखरचं घर: विटांच्या लांबच लांब ओळीतलं एक, दार उघडलं की पाय थेट रस्त्यावर, ना ओटा ना अंगण. पहिले आठ दिवस उमाबाईंना घर सापडायचं नाही, कारण सगळी दारं सारखी; मग त्यांनी शेजारच्या खिडकीत बसलेली चिनी मातीची बदकं लक्षात ठेवली. सुनेचं बाळंतपण करायला त्या गेल्या होत्या, पण पोटातली पोर यायला दोन महिने होते, आणि राजशेखर आणि मंजुषा दोघंही कामाला जायची. मग दिवसभर उमाबाई आणि ते गाव. कुणी काही विचारलं की त्या राणीबद्दल सांगायच्या, बर्फाबद्दल सांगायच्या, पण मनात राहिलं होतं ते दुसरंच. बुधवारी सकाळी कचऱ्याचे उंच डबे चाकांवर ओढत फुटपाथवर आणायचे, सगळ्या गल्लीनं एकाच वेळी, जणू पोळ्याला बैल काढलेत. बसमधून उतरताना एक-एक माणूस, शाळकरी पोरंसुद्धा, ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं. उमाबाईंनी आयुष्यात एसटीच्या ड्रायव्हरला शिव्यांपलीकडं काही दिलं नव्हतं, त्याही तिसऱ्या आठवड्यात म्हणायला लागल्या. बाजारात फळवाला वाडग्यात फळं भरून ठेवायचा, एक पौंडाला एक वाडगा, आणि ओरडायचा इथल्या आठवडी बाजारातल्यासारखाच. गुजराती माणसांच्या रस्त्यावर मेथी मिळायची, कोथिंबीर मिळायची, हळदी-कुंकवासकट सगळं मिळायचं, पण तिथल्या बायका उमाबाईंच्या कपाळावरची विभूती बघून विचारायच्या, "बेन, शिवरात्रि है क्या?" त्यांना राग यायचा. आमची शिवरात्र रोज असते, हे हिंदीत कसं सांगायचं ते सुचायचं नाही.

आणि चार वाजताच अंधार. म्हणजे इथं आपण दुपारची झोप काढून उठतो, चहाला आधण ठेवतो, तेव्हा तिथं दिवे. त्या अंधाराची त्यांना भीती वाटायची नाही, पण अंगात एक ओझं यायचं. पोलकं, त्यावर स्वेटर, त्यावर राजशेखरचा जुना कोट, डोक्याला मफलर. स्वतःचा हात स्वतःच्या अंगाला लागायचा नाही. स्वतःचं अंग असं दिवसभर दूर कुठंतरी ठेवल्यासारखं. तेच नडलं. डिसेंबर लागला होता, मंजुषाला नववा. बाजारातून बसनं आल्या, मेथी निवडली, राजशेखरच्या डब्याची तयारी केली, आणि संध्याकाळी अंघोळीला गेल्या तेव्हा कपडे काढता काढता हात छातीशी गेला आणि तिथं काही नव्हतं. शिवदोरा जुना झाला होता. मुरूमहून निघताना बदलू म्हणत होत्या, गडबडीत राहिला. तो कुठं तुटला, कधी तुटला, तीन थरांखाली काही कळलं नाही. वयाच्या सहाव्या महिन्यात बापाच्या गुरूनं बांधलेलं लिंग. लग्नात, तीन बाळंतपणांत, नवऱ्याला लिंगायतांच्या रीतीनं माती देताना, कधी क्षणभर अंगावरून न उतरलेलं. अंघोळीच्या त्या पांढऱ्या टाईलवर त्या उघड्याच बसल्या. गरम पाणी चालू होतं. वाफेनं आरसा पांढरा झाला, आणि त्यांना पहिला विचार देवाचा आला नाही. पहिला विचार आला तो महानंदाचा.

कारण पंचवीसेक वर्षांपूर्वी महानंदाचं असंच झालं होतं. माकणीच्या धरणावर सगळ्या बायका गेल्या होत्या, महानंदा नवी नवरी, पाण्यात उतरून खेळली, आणि येताना गळ्यात दोरा नाही. उमाबाईंनी तिला घरात घेतलं नाही. ओसरीवर बसवलं, दीड दिवस, पाण्याचा पेला दिला नाही, स्वयंपाकघराच्या दिशेनं बघू दिलं नाही, आणि उमरग्याहून स्वामी येऊन नवं लिंग बांधेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, हिनं लिंग घालवलं. रीतच होती तशी. लिंग नसलं तर अन्नपाणी नाही. मिळेपर्यंत उपास, नाही मिळालं तर गुरूच्या हातनं नवं. रीत कुणी केली ते उमाबाईंना माहीत नव्हतं, पण ती पाळून घ्यायची कामगिरी आपली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. महानंदा त्या दीड दिवसात रडली नव्हती. ओसरीच्या खांबाला टेकून रस्त्यावरच्या शेळ्या बघत बसली होती. ते त्या लेस्टरच्या अंघोळीच्या खोलीत उमाबाईंना इतकं स्वच्छ दिसलं, की शेळ्यांचे रंगही आठवले.

मग त्यांनी उपास धरला. पोट बिघडलंय, म्हणाल्या. मंजुषानं लिंबूपाणी आणून दिलं, ते बेसिनमध्ये ओतलं. सकाळी कोट चढवून बाहेर पडल्या आणि घरापासून बसच्या थांब्यापर्यंत फुटपाथ बघत चालल्या, मग परत, मग दुसऱ्या बाजूनं. दगडांवर दव गोठलेलं, पाय सटकायचा. माणसं थांबून विचारायची. एक दाढीवाला शीख, एक कुत्रं घेतलेली पोरगी, एक काळा म्हातारा. उमाबाई दोन बोटं जवळ धरून दाखवायच्या, एवढं, काळं. ती सगळी माणसं वाकून बघायला लागायची, काय शोधायचं ते कळलेलं नसताना. एका बस ड्रायव्हरनं तर बस उभी करून, आतली माणसं थांबवून, सगळ्या सीटांखाली हात घालून पाहिलं. त्याच्या हाताला एक मुलाचा मोजा लागला, तो त्यानं उमाबाईंना दाखवला, हा का? त्यांनी मान हलवली आणि थँक्यू म्हणाल्या. राजशेखरला सांगायचं तर तो स्वामींना फोन लावणार, फोन म्हणजे उमरगा, उमरगा म्हणजे मुरूम. दुसरा दिवस असा गेला. तिसऱ्या दिवशी बुधवार होता. कचऱ्याचा डबा ओढता ओढता डोळ्यांपुढं पिवळं झालं आणि त्या फुटपाथवर बसल्या. शेजारची डोरीन, तीच बदकांची, ऐंशीची म्हातारी, स्लिपरवरच धावत आली. तिनं उमाबाईंच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, स्वतःच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, आणि दूध-साखर घातलेला चहाचा मग त्यांच्या हातात देऊन समोर उभी राहिली. "पी," म्हणाली असावी. शब्द कळायची गरज नव्हती. उमाबाई स्वतः शेकडो माणसांपुढं तशा उभ्या राहिलेल्या होत्या. हलणार नाही, प्यायला लावणार. आणि त्या प्यायल्या. मग भाजलेला पाव दिला, लोण्याचा, तोही खाल्ला. दोन खाल्ले. लिंगाशिवाय, पूजेशिवाय, परक्या घरात. काही झालं नाही. डोरीनचं मांजर येऊन त्यांच्या पायांवर बसलं. डोरीन त्यांना "मी डक, मी डक" म्हणत होती, म्हणजे 'माझं बदक', तिकडं लाडानं सगळ्यांनाच तसं म्हणतात. तो चहा इतका गोड लागला की उमाबाईंना स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भूक मोठी होती, म्हणून तिसरा पावही घेतला.

त्यानंतरची पूजा मात्र चालू राहिली. रोज सकाळी अंघोळ करून त्या खोलीचं दार लावून बसायच्या, डावा तळहात पुढं धरायच्या, उजव्या हातानं विभूती लावायच्या, बेल नसल्यानं मेथीची तीन पानांची काडी ठेवायच्या, मंत्र म्हणायच्या. तळहात रिकामा. तळहातावरच्या रेषा, मधे एक भाजल्याचा डाग, त्यावर विभूती. पाच महिने. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. चाळिसाव्या दिवशी आला नाही. हे त्यांना जास्त लागलं होतं.

आणि कागद. उमाबाईंनी पळी भांड्याच्या काठावर ठेवली. कागदाची आठवण त्यांनी सहा वर्षं अशी खाली दाबून ठेवली होती, की आज ती वर आली तेव्हा तिला वासही आला, ओल्या प्लास्टिकचा. त्या गावात मांजर हरवलं की लोक कागद लावतात. खांबाखांबावर मांजराचा फोटो, खाली फोन नंबर, पावसानं भिजू नये म्हणून वर प्लास्टिक. उमाबाईंना पहिल्यांदा हसू आलं होतं. आपल्याकडं माणूस हरवलं तर चार दिवस वाट बघतात, येईल म्हणून. डोरीनच्या मांजराचाही एकदा कागद लागला होता, ते कुणाच्या तरी पडवीत सापडलं. तर चहा प्यायल्यानंतर चार-पाच दिवसांनी बसच्या थांब्याजवळच्या खांबावर त्यांना एक कागद दिसला, त्यावर मांजर नव्हतं. हातानं काढलेलं चित्र होतं. एक काळा, गोलसर आकार, जांभळापेक्षा थोडा मोठा, आणि त्याला गुंडाळलेला दोरा, तुटलेला. दोऱ्याची गाठसुद्धा काढलेली. खाली इंग्रजीत चार ओळी. उमाबाई पुढच्या खांबापर्यंत चालल्या. तिथंही तो. दवाखान्याच्या कोपऱ्यावर, वाचनालयाच्या दारात, फळवाल्याच्या टपरीवर. नऊ महिन्यांचं पोट घेऊन, गोठलेल्या फुटपाथवरून, ही पोरगी कामावरून सुटल्यावर किती फिरली होती? राजशेखरला चित्र काढता येत नाही. त्या आकाराला तशी गाठ असते हे त्या गावात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? बेसिनमध्ये ओतलेलं लिंबूपाणी तिनं बघितलं असेल, का फुटपाथवरची शोधाशोध आणि तो चहा डोरीननं सांगितला असेल. उमाबाईंनी कागद बघितला आणि बघितलाच नाही असं केलं. इंग्रजी येत नाही याचा त्यांना जन्मात एकदाच उपयोग झाला. घरी गेल्या, मंजुषानं दार उघडलं, तिचे पाय सुजलेले होते. उमाबाई म्हणाल्या, "पाय वर घेऊन बस, किती हिंडतीस." मंजुषा "हो अत्या" म्हणाली. एवढंच. महिन्याभरानं श्रिया झाली, मग रात्रंदिवस तेच. कागद खांबांवर पांढरे होत गेले, मग कुणी काढले का वाऱ्यानं गेले, कळलं नाही.

मुरूमला येताना त्या सोलापुरात उतरल्या आणि दुकानातून लिंग विकत घेतलं, नातीसाठी हवंय म्हणाल्या. लॉजच्या खोलीत आरशात बघून स्वतःच गळ्यात बांधलं. घरी आल्यावर बायका जमल्या, महानंदानंच विचारलं, "तिकडं पूजेचं कसं केलं ओ अक्का?" आणि उमाबाईंनी सांगितलं, थेंब घेतला न्हाय.  लोकांनी तेच धरलं, आणि वर्षा-दोन वर्षांत ते इतकं पक्कं झालं की त्यांनाही कधी कधी तसंच वाटायचं.

"अत्या." मंजुषा दारात उभी होती. "स्वामी निघतो म्हणतायत. मी त्यांची माफी मागते, सगळ्यांची मागते. तुम्ही म्हणाल तसं सगळ्यांच्या पाया पडते. पण श्रियाला बसवणार नाही."

उमाबाईंनी तिच्याकडं पाठ ठेवूनच विचारलं, "त्या कागदावर काय लिव्हलं होतंस?"

 बाहेर कुणीतरी पोरांना दटावत होतं. मग मंजुषा म्हणाली, "हरवलंय, असं लिहिलं होतं. एका आजीचा देव आहे. सापडला तर दोरा सोडू नका, धुऊ नका. फक्त फोन करा."

"कुणी केला?"

"दोन फोन आले. एका बाईनं विचारलं, देव मिळाला का. आणि एका म्हाताऱ्यानं. त्यानंही तेच विचारलं."

"काय म्हणालीस त्यांना?"

"शोधतोय, म्हटलं."

उमाबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. पदरानं हात पुसले, हुग्गीवर झाकण ठेवलं, आणि मंजुषाच्या अंगावरून बाहेर बैठकीत आल्या. स्वामी पडशी खांद्याला लावत होते. "बसा जरा," उमाबाई म्हणाल्या, आणि पोलक्याच्या आतून दोरा ओढून गळ्यातलं लिंग काढून ताटाच्या कडेला ठेवलं. बायकांच्या तोंडून 'अगं बया' निघालं. "ह्ये गुरूनं दिलेलं न्हाय. सोलापुरातनं म्या इकत आणलं आन् माझ्या हातानं बांधलं. पहिलं लेस्टरात कुठंतरी पडलं, सहा वर्षं झाली. दोन दिवस उपाशी ऱ्हायले, तिसऱ्या दिवशी एका गोऱ्या बाईच्या घरी बसून पाव खाल्ला. थेंब घेतला न्हाय म्हणून सांगितलं ते खोटं."

 महानंदाच्या तोंडाला आधी रंग चढला, मग उतरला. "मला," ती म्हणाली, "मला दीड दिस बसवलंतं ना अक्का तुम्ही. ओसरीवर."

"व्हय, बसवलंतं."

"आन् आता?"

"आता तू सांग. ओसरी हितंच हाय."

महानंदानं ओसरीकडं बघितलं. तिथं चपलांचा ढीग होता. "राहू द्या," ती म्हणाली, पण माफ केल्यासारखं नाही. आज नाही, पुन्हा कधीतरी, असं. उमाबाईंनी ते ओळखलं आणि मान्यही केलं. स्वामी म्हातारे होते, या भावकीच्या तीन पिढ्या पाहिलेले. ते एवढंच म्हणाले, "आईसाहेब, तेव्हाच सांगायचं. नवं बांधायला किती वेळ लागतोय?"

"बोलायला लागतोय, स्वामी. बांधायला न्हाय. त्या ताटातलं मला बांधा."

त्या पाटाजवळ गेल्या. श्रिया रांगोळीच्या कडेला उकिडवी बसून एक रेघ बोटानं पुसत होती. तिला त्यांनी मनगटाला धरून बाजूला केलं, "जा, तुझ्या आईपाशी जा," आणि गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, पाटावर बसल्या. स्वामींनी पडशी खाली ठेवली. मंजुषा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं, ते उमाबाईंना बिलकूल आवडलं नाही. त्यांनी डावा हात स्वामींपुढं केला आणि मान वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"रडू नको, ऐक. पोरीचं नको म्हणालीस ते बरूबर हाय. भर बैठकीत म्हणालीस ते चूक. आन् सगळं म्हाईत असून सहा वर्षं माझ्या तोंडावर अत्या-अत्या करीत गप ऱ्हायलीस, मला एकटीलाच त्या खोट्यात ठेवलंस, ती चूक लई मोठी. ती मी तुला माफ करायची न्हाय."